यंत्राची परीक्षा कशी घ्यावी?



घरातल्या विजेच्या दिव्याच्या अवस्था किती, असे चौथीतल्या एखाद्या मुलाला विचारले, तर तो चटकन सांगेल, "दोन. पेटलेला आणि विझलेला." पंख्याच्या किती? बंद असण्याची एक आणि वेगाच्या पाच, अशा सहा. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते आणि ते कशामुळे, हेही त्याला सांगता येईल. कागदावर दोन वर्तुळे काढली, त्यांच्यामध्ये जाण्यायेण्याचे दोन बाण काढले आणि बाणांवर 'बटण दाबले' एवढे लिहिले, की दिव्याचा सगळा स्वभाव त्या कागदावर उतरला. अशा चित्राला आपण अवस्था-चित्र म्हणू या. ज्याचा स्वभाव अशा चित्रात मावतो, त्याला गणिती लोक अवस्था-यंत्र म्हणतात.

एवढी साधी गोष्ट सांगायला आकाशवाणीवर कशाला यायला हवे, असे आपल्याला वाटेल. पण कारखान्यातला बॉयलर, रसायनांच्या टाक्या, धरणाचे दरवाजे, अणुवीजकेंद्र ह्यांच्यावर हुकमत चालवणारी जी पेटी असते, ती धोक्याच्या वेळी नीट वागेल की नाही हे ठरवताना जगातले तज्ज्ञ ह्याच चित्राचा आधार घेतात. आणि अलीकडच्या काळात हे चित्र माणसाने हाताने काढण्याऐवजी संगणकाकडूनच काढून घेण्याची विद्या पुढे आली आहे. ती विद्या काय आहे, तिच्यावर भिस्त कितपत ठेवावी आणि तिच्यात तुमच्याआमच्यासारख्यांचे काय काम, ह्याबद्दल आज मी चार शब्द बोलणार आहे. मी इंजिनियर नव्हे, गणित शिकवणारा माणूस आहे. तेव्हा बोलणे फळ्यावर खडूने लिहिता येईल इतपतच ठेवीन.

प्रथम त्या पेटीची ओळख करून घेऊ. पूर्वी कारखान्यातली यंत्रे रिलेंच्या भरवशावर चालत. रिले म्हणजे विजेने उघडझाप होणारी कळ. अशा शेकडो कळा एका कपाटात बसवून तारांनी जोडलेल्या असत. यंत्राच्या कामाचा क्रम बदलायचा म्हटले, की कपाटातल्या तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत. अमेरिकेतल्या जनरल मोटर्स ह्या मोटार कंपनीला नव्या नमुन्याची गाडी काढताना हा खटाटोप करावा लागे. १९६८ साली तिच्या एका विभागाने मागणी केली, की तारा न उपसता ज्याच्या आज्ञा बदलता येतील असा नियंत्रक आम्हांला हवा. ती मागणी डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरी केली. त्यांच्या संस्थेचे ते चौऱ्याऐंशीवे काम, म्हणून त्या नियंत्रकाचे नाव पडले 'मॉडिकॉन ०८४'. अशा नियंत्रकाला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, थोडक्यात पी. एल. सी. म्हणतात. त्याचे काम मोठे नेमस्त असते. बाहेरच्या खुणा वाचायच्या, लिहून दिलेले नियम वरपासून खालपर्यंत तपासायचे, त्याप्रमाणे बाहेर आज्ञा द्यायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. एका सेकंदात हा फेरा कितीतरी वेळा होतो.

आता आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. समजा, गावाबाहेर नळयोजनेची विहीर आहे, विहिरीवर मोटर आहे आणि गावात उंचावर पाण्याची टाकी आहे. टाकीत दोन फ्लोट सोडले आहेत, एक तळाजवळ आणि एक काठाजवळ. पाणी लागले की फ्लोट 'ओला' म्हणून सांगतो, नाही तर 'कोरडा'. तसाच एक फ्लोट विहिरीत आहे. नियंत्रकाला चार नियम दिले आहेत. पहिला, टाकीतला खालचा फ्लोट कोरडा झाला की मोटर सुरू कर. दुसरा, वरचा फ्लोट ओला झाला की मोटर बंद कर. तिसरा, मधल्या काळात मोटर जशी असेल तशीच राहू दे. आणि चौथा, विहिरीतला फ्लोट कोरडा असेल तर काही झाले तरी मोटर चालवू नकोस.

नियम वाचून कोणीही म्हणेल, ठीक आहे की! योजना सुरू करून देणारा माणूस आला. त्याने टाकी रिकामी केली, मोटर सुरू झाली. टाकी भरली, मोटर बंद पडली. विहिरीतला फ्लोट वर उचलून धरला, मोटर थांबली. तिन्ही परीक्षांत योजना पास! कागदावर सही झाली आणि माणूस गेला.

आणि मग एके दिवशी टाकी अर्धी भरलेली असताना, मोटर चालू असताना वीज जाते. पाणी सोडणारा माणूस म्हणतो, लाईट गेलीच आहे तर पंपाची जरा दुरुस्ती करून घेऊ. तो पंपाला हात घालतो आणि तेवढ्यात वीज येते. आता नियम पाहा. खालचा फ्लोट ओला, वरचा कोरडा, म्हणजे तिसरा नियम लागू. मोटर जशी होती तशी राहू दे. नियंत्रकाच्या स्मरणात मोटर 'चालू' होती. ती सुरू होते. त्या माणसाच्या हाताचे काय होईल ते मी सांगायला नको.

नियंत्रकाने कोणताही नियम मोडलेला नाही, फ्लोट बिघडलेला नाही, तारही तुटलेली नाही. मग चुकले काय? घटनांचा हा विशिष्ट क्रम परीक्षेत कोणी विचारलाच नव्हता.

श्रोत्यांपैकी जे शिक्षक आहेत त्यांना हे चांगले ठाऊक आहे. वर्षभराच्या अभ्यासावर आपण दहा प्रश्न विचारतो. दहाही उत्तरे बरोबर आली म्हणजे मुलाला ते दहा प्रश्न येतात एवढे कळते, अकराव्याबद्दल आपण अंदाज करतो. मुलाच्या बाबतीत हा अंदाज चालतो, कारण मूल समजून उत्तर देते. यंत्राला समज नसते, त्यामुळे त्याच्या अकराव्या उत्तराची हमी पहिल्या दहांवरून मिळत नाही.

ही केवळ कल्पनेतली भीती नव्हे. 'थेरॅक-२५' नावाचे किरणोपचाराचे एक यंत्र होते. १९८५ ते १९८७ ह्या काळात अमेरिकेत आणि कॅनडात ६ रुग्णांना त्याने मर्यादेपेक्षा कितीतरी पट अधिक किरण दिले, आणि त्यांतले काही दगावले. त्यामागच्या दोषांपैकी एक दोष विलक्षण होता. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीने आधी भरलेली माहिती सुमारे ८ सेकंदांच्या आत दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती यंत्राच्या एका भागाच्या ध्यानातच येत नसे. नवख्या माणसाच्या हातून हा प्रमाद घडणे कठीण, कारण त्याची बोटे सावकाश चालत. रोजच्या सरावाने ज्यांचा हात बसला होता, त्यांच्याच हातून तो क्रम साधला जाई. परीक्षा घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे असा तयार हाताचा माणूस आलाच नव्हता.

मग उपाय काय? उपाय असा, की दहा प्रश्न विचारून भागत नसेल तर सगळेच प्रश्न विचारावेत. हे शक्य व्हायला आपले अवस्था-चित्र उपयोगी पडते. नळयोजनेत टाकीचे फ्लोट दोन, विहिरीचा एक, मोटर एक आणि वीज एक, अशा पाच गोष्टी आहेत आणि प्रत्येकीच्या दोन दोन शक्यता. म्हणजे सगळ्या मिळून ३२ अवस्था. ३२ वर्तुळे काढली, नियमांप्रमाणे बाण काढले, की मग त्या चित्राला प्रश्न विचारता येतो: "वीज जाऊन परत आल्यावर, कोणी बटण न दाबता मोटर सुरू झाली, अशा ठिकाणी नेणारी वाट ह्या चित्रात आहे काय?" वाट नसेल तर तसे सिद्ध झाले. हा अंदाज नसून भूमितीतल्या प्रमेयासारखी सिद्धता असते. वाट असेल तर ती पायरी पायरीने हातात मिळते: टाकी रिकामी, मोटर सुरू, टाकी अर्धी, वीज गेली, वीज आली, मोटर सुरू. दोष आहे एवढेच सांगून तपासनीस थांबत नाही, दोषापर्यंतचा रस्ताही दाखवतो. ह्यातच ह्या पद्धतीची खरी किंमत आहे.

ही पद्धत १९८१ साली अमेरिकेत एडमंड क्लार्क आणि ॲलन एमर्सन ह्यांनी, आणि १९८२ साली फ्रान्समध्ये जोसेफ सिफाकिस आणि झाँ-पिएर क्येय ह्यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता मांडली. क्लार्क, एमर्सन आणि सिफाकिस ह्या तिघांना त्याबद्दल २००७ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. संगणकशास्त्रात त्याचा मान फार मोठा समजतात.

अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी. पाच गोष्टींच्या ३२ अवस्था होतात. दहा गोष्टींच्या १,०२४. वीस गोष्टींच्या १०,४८,५७६. प्रत्येक नव्या गोष्टीला आकडा दुप्पट होत जातो. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तोच हा प्रकार. कारखान्यातल्या मध्यम नियंत्रकाला अशा तीनशे गोष्टी सहज असतात, आणि मग जी संख्या येते ती दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजे संख्येलाही मागे टाकते. इतकी वर्तुळे कोण काढणार? ह्यावर एक तोड निघाली. व्यापारी धान्याचा एकेक दाणा मोजत बसत नाही, तो पोत्यांवर चिठ्ठ्या लावतो. तसे एकेक अवस्था न मांडता, 'ज्या अवस्थांत विहीर कोरडी आहे त्या सगळ्या' अशी एका वर्णनाची चिठ्ठी करून एकदम गठ्ठ्याचा हिशेब करायचा. १९९० साली अमेरिकेतल्या पाच संशोधकांनी ह्या रीतीने एकावर वीस शून्ये इतक्या अवस्थांपर्यंत मजल गाठली. अर्थात सगळ्याच योजना अशा चिठ्ठ्यांत नीट बसतात असे नाही, तरी पुष्कळ बसतात.

एवढे झाल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो आणि तोच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. चित्र काढायचे कोणी? कारखान्यातला इंजिनियर नियम लिहितो. त्याला ह्या गणिताची भाषा येत नाही. गणितज्ञाला ती भाषा येते, पण त्याने बॉयलर पाहिलेला नसतो. इंजिनियरचे नियम वाचून गणितज्ञाने हाताने चित्र काढले, तर त्याच्या हातून बाण चुकण्याचा संभव असतो. मग आपण तपासतो ते कशाला? यंत्राला, की गणितज्ञाच्या समजुतीला? शिवाय इंजिनियरने उद्या एक नियम बदलला की सगळे चित्र पुन्हा काढायचे. म्हणून हे काम संगणकावर सोपवण्याची गरज पडली.

चित्राचे दोन भाग असतात हे येथे ध्यानात घ्या. एक भाग नियंत्रकाचा, म्हणजे नियमांचा. दुसरा भाग ज्याचे नियंत्रण करायचे त्याचा, म्हणजे विहीर, टाकी आणि पाण्याचा. पहिला भाग त्या मानाने सोपा आहे, कारण नियम लिहिलेलेच असतात. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवण्याचे ते काम. जिनीव्हाजवळ सर्न नावाची विज्ञानसंस्था आहे. तेथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे एक वर्तुळाकार यंत्र असून त्यातली चुंबके उणे २७१.३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावी लागतात. एवढ्या पसाऱ्याला शेकडो पी. एल. सी. लागतात. तेथल्या मंडळींनी 'पी. एल. सी. व्हेरिफ' नावाचे साधन तयार केले आणि २०१५ साली आपली रीत शोधनिबंधात मांडली. हे साधन इंजिनियरचे नियम जसेच्या तसे वाचते, त्यांचे अवस्था-चित्र आपणच काढते, आणि विचारलेल्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध नाही असे भाग गाळून टाकते. मोटरीबद्दल प्रश्न असेल तर टाकीवरच्या दिव्याचा हिशेब कशाला ठेवायचा? मग ते लहान झालेले चित्र तपासनीसाच्या हाती जाते, आणि इंजिनियरला त्याच्याच भाषेत उत्तर मिळते.

दुसरा भाग मात्र अवघड. पाण्याने आपले नियम कोठे लिहून ठेवले आहेत? आणि ते चित्रात घातले नाहीत तर काय होते पाहा. ३२ अवस्थांपैकी ८ अवस्था अशा आहेत, की ज्यांत टाकीतला वरचा फ्लोट ओला आणि खालचा कोरडा आहे. पाणी खालून वर चढते, त्यामुळे असे घडणार नाही हे शेंबडे पोरही सांगेल. संगणकाला ते ठाऊक नसते. तो सांगेल, 'ह्या अवस्थेत पहिला नियम म्हणतो मोटर सुरू कर आणि दुसरा म्हणतो बंद कर, तेव्हा तुमची योजना सदोष आहे.' असे खोटे गजर शंभर वाजले, की एकशे एकाव्या खऱ्या गजराकडे कोणी पाहत नाही. म्हणून पाण्याचे चित्रही हवे, आणि ते नोंदींवरून काढावे लागते.

नोंदींवरून चित्र कसे निघते? महिनाभर मोटर आणि फ्लोट ह्यांची नोंद ठेवली, तर ती एक लांबच लांब रांग होईल. सोमवारी टाकी रिकामी, मोटर सुरू, अर्धी, भरली, मोटर बंद, अर्धी, पुन्हा रिकामी. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. आता सोमवारची रिकामी टाकी आणि मंगळवारची रिकामी टाकी ह्या दोन वेगळ्या अवस्था आहेत काय? दोघींपासून पुढे जे जे घडते ते सारखेच असेल, तर त्या एकच मानाव्यात. अशा तऱ्हेने सारखे भविष्य असलेल्या अवस्था एकत्र करत गेले, की ती लांब रांग गुंडाळली जाऊन तिचे चारपाच वर्तुळांचे एक आटोपशीर चक्र होते. काम ऐकायला सोपे वाटते, पण त्यात मेख आहे. फ्लोटकडे पाहिले तर भरत चाललेली अर्धी टाकी आणि उतरत चाललेली अर्धी टाकी सारखीच दिसते. नोंदीत मोटरचा रकाना ठेवायला विसरलो, तर संगणक त्या दोन्हींचा घोळ करणारच.

ह्या विद्येचा एक जुना पाया खास शिक्षकांसाठी सांगतो. १९८७ साली डेना अँग्लुइन ह्या अमेरिकन विदुषीने दाखवून दिले, की अज्ञात यंत्राचे चित्र एक शिष्य दोनच प्रकारचे प्रश्न विचारून पुरे करू शकतो. पहिला प्रकार, 'हा हा क्रम त्या यंत्राला मान्य आहे का?' गुरूने हो किंवा नाही म्हणायचे. दुसरा प्रकार, 'मी काढलेले हे चित्र बरोबर आहे का?' बरोबर असेल तर गुरूने हो म्हणायचे, नसेल तर नुसते 'चूक' न म्हणता जेथे चित्र फसते असे एक उदाहरण द्यायचे. गुरूने एवढे केले, की शिष्य प्रश्नांच्या बेताच्या संख्येत अचूक चित्रापर्यंत पोहोचतो, हे त्यांनी सिद्ध केले. नेमके एक उदाहरण दाखवून चूक पटवणे ही वर्गातली जुनी रीत आहे. ती यंत्रालाही मानवते हे पाहून मला तरी आनंद झाला.

पण कारखान्यात असा गुरू सहसा मिळत नाही, नुसती नोंदवही मिळते. आणि येथे खरा धोका आहे. समजा, नळयोजनेची नोंद श्रावण-भाद्रपदात घेतली. विहीर तुडुंब भरलेली. त्या नोंदींवरून संगणकाने चित्र काढले, तर त्यात विहीर आटल्याची अवस्थाच असणार नाही. मग त्या चित्राला विचारा, "मोटर कधी कोरडी चालेल काय?" उत्तर येईल, "नाही, सिद्ध झाले." चौथा नियम लिहायला विसरला असलात तरी हेच उत्तर येईल! वैशाखात विहीर तळ गाठील, मोटर जळेल, आणि आपण म्हणू, अहो, संगणकाने तर सिद्ध करून दिले होते. संगणक खोटे बोलला नाही. पावसाळ्यातल्या विहिरीबद्दल त्याने खरेच सांगितले होते.

हा धोका ह्या विषयातल्या तज्ज्ञांनी ओळखला आहे. फिनलंडमध्ये व्ही. टी. टी. ही संशोधनसंस्था २००८ पासून अणुवीजकेंद्रांच्या नियंत्रणाची अशी तपासणी करत आली आहे. त्याच देशातल्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली नियंत्रणाखालच्या यंत्रसामग्रीचे चित्र आपोआप काढण्याची रीत मांडली. त्यांची मुख्य सोय अशी, की संगणकाला नोंदींच्या जोडीला नियमांची एक यादीही द्यायची. जाणत्या माणसाने पाण्याबद्दल जे ठामपणे सांगितले, ते ह्या यादीत येते. 'विहीर कधीही आटू शकते', 'पाणी चढताना खालचा फ्लोट आधी ओला होतो', अशी विधाने त्यात घालायची. संगणकाने नोंदींशी जुळणारे आणि यादीतले एकही विधान न मोडणारे चित्र शोधायचे. शिवाय तपासनीसाने दाखवलेली धोक्याची वाट प्रत्यक्ष यंत्रावर किंवा त्याच्या नकलेवर चालून पाहता येते. तेथे ती खरोखरच घडली तर नियम दुरुस्त करावे, न घडली तर चित्र दुरुस्त करावे.

आता आपण मघाशी काढून टाकलेल्या त्या ८ अवस्थांकडे परत येऊ. वरचा फ्लोट ओला आणि खालचा कोरडा, हे अशक्य म्हणून आपण गाळले. पण उंदराने खालच्या फ्लोटची तार कुरतडली तर? शेवाळात वरचा फ्लोट अडकून बसला तर? पाण्याच्या बाबतीत अशक्य असलेली गोष्ट तारेच्या बाबतीत शक्य होते. तेव्हा कोणती अवस्था अशक्य मानायची, हा निर्णय पाहणीतून आणि अनुभवातून घ्यावा लागतो, आणि तो अनुभव बहुधा टाकीवर चढून फ्लोट साफ करणाऱ्या माणसापाशी असतो.

हे काम परदेशातच चालते असे मात्र समजू नये. मुंबईला पवईच्या आय. आय. टी.त सॉफ्टवेअरच्या अशा काटेकोर तपासणीसाठी एक केंद्र काढण्यात आले होते. पुण्याला टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या संशोधकांनी तयार केलेल्या 'व्हेरिॲब्स' ह्या तपासनीसाने २०२० साली सॉफ्टवेअर-तपासणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका गटात पहिला क्रमांक मिळवला. तो पी. एल. सी. साठी नव्हे, संगणकाच्या दुसऱ्या एका भाषेसाठी होता. पण विद्या त्याच घराण्यातली.

मग ह्यात आपले काम काय? चित्र काढायला संगणक आहे, वाट शोधायलाही संगणक आहे. त्याला न येणारी गोष्ट म्हणजे प्रश्न. 'काय कधीच होता कामा नये?' हा प्रश्न त्याला बाहेरून द्यावा लागतो. आणि त्याचे उत्तर सर्वत्र सारखे नसते. आपल्यापैकी पुष्कळांनी शेतातल्या मोटरीला 'ऑटो' बसवलेला आहे. रात्री दोनला लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते आणि काळोखात, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्याचा त्रास वाचतो. तेथे वीज आल्यावर मोटर आपोआप सुरू होणे ही सोय आहे. तेच पंपाला हात घातलेल्या माणसाच्या दृष्टीने मरण आहे. कोणते टाळायचे आणि कोणते ठेवायचे, दोन्ही साधायचे असेल तर दुरुस्तीच्या वेळी मोटर पक्की बंद ठेवणारी कळ कोठे बसवायची, हे नियम लिहिणाऱ्याने त्या माणसाला विचारले पाहिजे. विचारले नाही तर तो प्रश्न यादीत येत नाही, आणि यादीत नसलेल्या प्रश्नाला जगातला कोणताही तपासनीस उत्तर देत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक प्रयोग सुचवतो. त्याला संगणक लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना गावच्या टाकीवर घेऊन जा. परत आल्यावर फळ्यावर अवस्थांची वर्तुळे आणि बाण काढून घ्या. मग मुलांना विचारा, ह्या योजनेत कधीच घडू नये अशा गोष्टी कोणत्या? मुले पुष्कळ सांगतील. टाकी वाहू नये, मोटर जळू नये, नळाला गढूळ पाणी येऊ नये. नंतर पाणी सोडणाऱ्या माणसाला वर्गात बोलवा, त्याला खुर्ची द्या आणि तोच प्रश्न विचारा. मुलांच्या यादीत नसलेल्या दोनतीन गोष्टी तरी तो सांगेल असा माझा भरवसा आहे. त्या फळ्यावर लिहा, आणि त्यांच्याकडे नेणारी वाट चित्रात सापडते का, ती मुलांना शोधू द्या. सापडलीच, तर ती ग्रामपंचायतीला कळवायला विसरू नका.